संकष्टीच्या चंद्रावरची काळी रेघ

रद्दीच्या गठ्ठ्यातून चांगुणाने आपलं चित्र ओढून काढलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चित्राच्या मधोमध, लाल शाईने, बोटभर उंचीच्या अक्षरांत कोणीतरी लिहिलं होतं : ‘नक्कल’.

तिने कागद मल्हारीच्या हातात दिला. मल्हारीने वाचलं, मग यादवने वाचलं, आणि दोघंही गप्प झाले. मल्हारी गप्प झाला म्हणजे प्रकरण गंभीर. एरवी त्याचं तोंड बंद करायला त्याच्या आईला त्यात भाकर कोंबावी लागे.

१९८१चा मे महिना होता. सातपूरच्या कामगार वसाहतीतली ही तीन मुलं सातवीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि त्या बुधवारी सिटी बसने नाशकात, गोदातीर विज्ञान मंडळाच्या हॉलवर आली होती. रविवारी तिथे आकाशाच्या चित्रांचं प्रदर्शन उघडणार होतं. चांगुणाचं चित्र कुठे लागलंय ते बघायची तिघांना घाई झाली होती, पण चित्र भिंतीवर नव्हतंच. शेवटी हॉल झाडणाऱ्या सरुबाईने कोपऱ्यातला गठ्ठा दाखवला, नापास झालेली समदी तिकडं टाकलीत म्हणून सांगितलं.

चित्राखाली परीक्षक म्हणून सावित्रीबाईंची सही होती. या सावित्रीबाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा दरारा एवढा होता, की चाळिशीतले बापे अजूनही त्यांना बघून रस्ता बदलत.

"चांगू, इकडे ये," यादवने हळूच हाक मारली. तो दारासमोरच्या मुख्य भिंतीपाशी उभा होता.

त्या भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये, तेच चित्र लावलेलं होतं. चंद्रावरचं तेच सपाट मैदान, मैदानातली तीच काळी सरळ रेघ, रेघेच्या शेजारी तोच गोल खड्डा आणि एका कडेला तोच काळोख. खाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘निरीक्षक : चिमाजीराव देवरे, चिटणीस. दिनांक २२ एप्रिल, रात्रौ साडेदहा. मंडळाच्या दुर्बिणीतून.’

चांगुणाने आठवड्यापूर्वी आपलं चित्र याच चिमाजीरावांच्या हातात दिलं होतं. तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पुसून ते बघितलं होतं आणि पाठीवर थापही मारली होती. ती थाप कशासाठी होती ते तिला आत्ता कळलं.

चिमाजीराव आतल्या खोलीत चहा पीत होते. चांगुणा सरळ आत गेली आणि म्हणाली, "तुम्ही माझं चित्र बघून काढलंय."

चिमाजीराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले, आणि तिला तारखा वाचता येतात का असं विचारलं. त्यांचं चित्र बावीस एप्रिलचं, तिचं बारा मेचं. मग आधीचं कोणाचं, आणि नक्कल कोणाची? मंडळाकडे जपानी दुर्बीण आहे. सातपूरच्या पत्र्याच्या नळकांड्यातून असलं काही दिसतं यावर कोण विश्वास ठेवील?

"तू लहान आहेस म्हणून एवढ्यावर सोडतो," ते म्हणाले. "रविवारी उद्घाटनाला सगळ्यांसमोर माफीपत्र वाचायचं. कार्यक्रमपत्रिकेत तसं छापून घेतो. नाही वाचलंस, तर तुझ्या शाळेला पत्र जाईल."

सोडतो म्हणे! चोरी स्वतः करायची, शिक्का दुसऱ्यावर मारायचा आणि वर उपकार केल्याचा आव आणायचा. असल्या माणसांचा मलासुद्धा फार राग येतो, मग चांगुणाचं काय झालं असेल? तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी बघून चिमाजीरावांना ती भ्याली असं वाटलं. ती भ्यालेली नव्हती. तिला त्यांचा चहा त्यांच्या डोक्यावर ओतावासा वाटत होता.

ते चित्र काढायला एक संध्याकाळ पुरली होती, पण ती संध्याकाळ मिळायला तीन महिने लागले होते. चांगुणाचे वडील, सहादू, सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. त्यांच्याबरोबर बसून तिघा मुलांनी वर्षभर एक जाड काच दुसऱ्या काचेवर पावडर घालून घासली, तेव्हा कुठे सहा इंची आरसा तयार झाला. नळी पत्र्याची, स्टँड पाण्याच्या पाइपांचा. घरामागच्या अंगणात ही दुर्बीण उभी राहिली तेव्हा शेजाऱ्यांना तो बंब वाटला होता.

चंद्रावरचे मोठे खड्डे काय, कोणालाही दिसतात. चांगुणाला अवघड तेच बघायचं होतं. चंद्राच्या एका मैदानात साठ-सत्तर मैल लांबीची सरळ कडा आहे, तिला सरळ भिंत म्हणतात. चंद्राच्या त्या भागात सूर्य नुकता उगवलेला असतो, तेव्हाच तिची सावली काळ्या रेघेसारखी दिसते. म्हणजे शुद्ध पक्षातल्या अष्टमी-नवमीच्या सुमाराला, जेव्हा चंद्र साधारण अर्धा उजळलेला असतो आणि उजेड-काळोखाची सीमा त्या भिंतीजवळ असते तेव्हा. ऊन वर चढलं की सावली गेली आणि रेघही गेली. या भिंतीच्या पलीकडे आणखी एक बारीक घळ आहे. ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या नकाशातही ती नव्हती. चांगुणाने तिचं नाव ‘केस’ ठेवलं होतं, कारण ती तेवढीच जाड दिसे.

मार्चच्या नवमीला ढग आले. एप्रिलच्या नवमीला वसाहतीतले पत्रे इतके तापले होते, की चंद्र उकळत्या पाण्यात टाकल्यासारखा हलत होता. केस पळभर दिसला आणि गेला. मग मेच्या नवमीला तिघांनी दुपारपासून अंगणात आणि पत्र्यांवर बादल्या ओतल्या. नळाला पाणी नाही आणि कार्टी पत्रे धुतायत म्हणून आयाबायांच्या शिव्या खाल्ल्या. पण अंधार पडता पडता हवा थरथरायची थांबली, आणि केस सलग वीस मिनिटं दिसला. चांगुणाने तो टोकदार पेन्सिलने काढला आणि काळोखाची बाजू कंदिलाच्या काजळीने भरली.

आता त्याच चित्रावर लाल शाई फासली होती. आणि काचेतल्या चित्रात केस नव्हताच. चोरायचं तर निदान नीट तरी चोरावं, हा विचार येऊन चांगुणाचा आणखीच तिळपापड झाला.

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. आई, लताबाई, हातातलं पीठ तसंच ठेवून तडक नाशकाला निघाली होती. तिला मल्हारीनेच दारात अडवलं. वडील पहिली पाळी करून आले होते. त्यांनी चित्र हातात घेतलं आणि लाल अक्षरांवरून अंगठा फिरवला. 

"तू बघून काढलं असशील तर माफी लिही," ते म्हणाले. "काढलं नसशील तर कागद वाया घालवू नको. पण आरडाओरडा करून उपयोग नाही पोरी. कारखान्यात माप चुकलंय म्हणायचं तर गेज लावून दाखवावं लागतं."

मल्हारीला हे पटलं नाही. त्याचा बेत सोपा होता : शनिवारी हॉलवर जायचं आणि ती काच फोडायची. खरं सांगायचं तर चांगुणालाही तो बेत आवडला. तिने अंगणातला एक दगड हातात घेऊन बघितलासुद्धा. पण काच फोडली की आपण गुंड ठरू आणि तो माणूस साधू ठरेल, असं यादव म्हणाला. यादव तिघांत बुटका आणि शांत. दुर्बिणीची वही त्याच्याकडे असे. कोणत्या संध्याकाळी काय दिसलं ते सगळं तो लिहून ठेवी.

चांगुणाने दगड टाकला आणि बावीस एप्रिलचं पान काढायला सांगितलं.

पानावर एकच ओळ होती : ‘चंद्र उशिरा उगवणार. दुर्बीण लावली नाही.’

"बावीस एप्रिल?" मल्हारी म्हणाला. "थांब थांब. त्या दिवशी आईने मला दहा वेळा रस्त्यावर पिटाळलं होतं, चंद्र उगवला का बघून ये म्हणून. संकष्टी होती ना."

चांगुणाच्या घरी बुद्धवंदना होई, संकष्टीचा उपास नसे. त्यामुळे त्या दिवसाचं तिला काही ठाऊक नव्हतं. तिघं पळत मल्हारीच्या घरी गेली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एप्रिलचं पान उलटून बघितलं, तर बावीस तारखेला संकष्टी चतुर्थी छापलेली होती. मल्हारीची आई, भागीबाई, कांदे निवडत बसली होती. चांगुणाने तिला विचारलं, संकष्टीचा चंद्र दिसतो कसा?

"कसा म्हणजे? चांगला गोल," भागीबाई म्हणाली. "एका अंगाने जरासा चेपलेला. पुनव होऊन चारच दिवस झालेले असतात, अजून कसा असणार?"

"अर्धा नसतो?"

"अर्धा कुठला? लग्न झाल्यापासून संकष्ट्या करते मी. उपाशी बाईला चंद्र नीट दिसतो."

चांगुणा तिथेच फतकल मारून बसली. चंद्र जवळजवळ गोल असेल, तर उजेड-काळोखाची सीमा पार एका टोकाला सरकलेली असणार. मधल्या मैदानावर ऊन डोक्यावर आलेलं असणार. मग सावली कुठली आणि काळी रेघ कुठली?

चिमाजीरावांनी हीच तारीख का निवडली तेही आता उघड झालं. त्यांना चांगुणाच्या आधीची तारीख हवी होती. वर्षभरात त्यांनी चंद्राकडे बघितलं असेल ते उपास सोडायला, म्हणून तीच तारीख त्यांना पक्की आठवली. चित्राच्या कडेचा काळोख म्हणजे चंद्रावरची रात्र आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते बाबा त्याला रंगवलेली बाजू समजले.

मल्हारी नाचायलाच लागला. पण चांगुणाला वडिलांचं बोलणं आठवत होतं. गेज लावल्याशिवाय ती काही बोलणार नव्हती. पुढची संकष्टी परवाच होती, शुक्रवारी.

शनिवारी पहाटे, उजाडायच्या बेताला, चंद्र अजून पश्चिमेकडे होता. तिघांनी दुर्बीण लावली. भागीबाईही उठून आली. चांगुणाने आधी तो गोल खड्डा शोधला, मग त्याच्या शेजारची जागा. ही जागा तिला घरच्या उंबऱ्याइतकी पाठ होती, आणि तिथे भिंत नव्हती. सगळं मैदान एकसारखं पांढरट दिसत होतं. केसाचा तर प्रश्नच नव्हता. तिने डोळा चोळला, पुन्हा बघितलं, यादवला बघायला लावलं, मल्हारीला लावलं. कोणालाच रेघ दिसली नाही. मग तिने कागद घेतला आणि जे दिसत होतं ते काढलं. यादवने खाली तारीख, वेळ आणि तिथी लिहिली, आणि भागीबाईने साक्षीदार म्हणून सही केली. सही करताना ती चिमाजीरावांबद्दल जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

रविवारी सकाळी नऊला हॉल भरला. खुर्च्यांवर शहरातली मोठी माणसं, मध्ये शाळांची मुलं आणि शेवटच्या रांगेत सहादू, लताबाई, भागीबाई. सावित्रीबाई पुढे परीक्षकांच्या टेबलाशी काठी धरून बसल्या होत्या. दीप लावून झाला, हार घालून झाले, आणि चिमाजीरावांनी घसा साफ करून जाहीर केलं, की आता सातपूरची एक विद्यार्थिनी आपल्या हातून घडलेल्या चुकीबद्दल माफीपत्र वाचेल.

चांगुणा उठली.  ती म्हणाली, माफी मागायची तर काय बघून नक्कल केली ते आधी कळलं पाहिजे. देवरेसाहेबांनी आपलं चित्र कसं काढलं ते सांगावं.

चिमाजीरावांना माइक पुढे आला की राहवत नसे. त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. संकष्टीचा दिवस, कडक उपास. चंद्रोदय झाला, दर्शन घेतलं, आणि पानावर बसायच्या आधी दुर्बीण लावली. ती अद्भुत काळी रेघ दिसली आणि भूकच विसरलो. तारखेबद्दल शंकाच नको, घरी मोदक होते.

"मग कडेचा हा काळा भाग काय आहे?" चांगुणाने विचारलं.

"ती पार्श्वभूमी आहे. चित्राला उठाव यावा म्हणून."

"ती चंद्रावरची रात्र आहे," चांगुणा म्हणाली. "ती मैदानाच्या इतकी जवळ असते तेव्हा चंद्र जेमतेम अर्धा उजळलेला असतो. संकष्टीला तो अर्धा असतो का?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सरुबाईला राहवलं नाही. "संकष्टीला अर्धा चंद्र?" ती मोठ्याने म्हणाली. "तीस वर्षं झाली उपास करतीय, मला नाय कधी दिसला." मागच्या बायका खो खो हसल्या. भागीबाई तर उभी राहूनच हसली.

चिमाजीरावांचा चेहरा उतरला. त्या दिवशी ढग असतील, ढगाने अर्धा झाकला असेल, असं काहीतरी ते पुटपुटले. तेवढ्यात सावित्रीबाईंची काठी जमिनीवर आपटली. त्यांनी विचारलं आज तिथी कोणती, आणि षष्ठी असं कळल्यावर सगळ्यांना हॉलच्या पायरीवर नेलं. पश्चिमेला, भर उन्हात, फिकट चंद्र होता. संकष्टीला दोन दिवस होऊन गेले होते, तरी तो अर्ध्याहून चांगला मोठा होता. शहरातली मोठी माणसं डोळ्यांवर हात धरून त्याच्याकडे बघत राहिली.

परत आत आल्यावर चांगुणाने आपली दोन्ही चित्रं सावित्रीबाईंच्या हातात दिली, आणि त्यांनी तिन्ही चित्रं टेबलावर मांडली : चिमाजीरावांचं, चांगुणाचं आणि शनिवारच्या पहाटेचं. नाकाला कागद लागेपर्यंत वाकून त्यांनी ती बघितली. मग वर न बघताच विचारलं, "मुलीच्या चित्रात भिंतीपलीकडे ही बारीक रेघ आहे. तुमच्या चित्रात का नाही?"

"मला तो कागदावरचा ओरखडा वाटला," चिमाजीराव म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते.  मग चिमाजीरावांची ततपप सुरू झाली. मंडळाच्या अध्यक्षांना दाखवायला काहीतरी हवं होतं. जपानी दुर्बीण दोन वर्षं खोक्यातच होती. मुलीचं चित्र सुंदर होतं. तिला कुठेतरी उत्तेजनार्थ बक्षीस द्यायचंच होतं.

सावित्रीबाई उभ्या राहिल्या. "या कागदावर माझी सही आहे," त्या म्हणाल्या. "मी तारीख बघितली आणि सही केली. चित्र बघितलंच नाही. मुलांनी उत्तर पडताळून बघितलं नाही तर मी त्यांना अंगठे धरून उभं करत असे. चांगुणा, चूक माझीही आहे. तू तीन महिने थांबून बघितलंस, आणि चिडलेली असतानाही पुन्हा एकदा बघून खात्री केलीस. शाबास. तुम्हा तिघांनाही शाबास."

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी उठून यादवच्या वहीचं कौतुक केलं, सहादूंना पुढे बोलावून आरशाबद्दल विचारलं, आणि मल्हारीच्या डोक्यावरून हात फिरवला. मल्हारीने काच फोडायचा बेत त्यांना सांगितला नाही. मग खुर्चीतले एक गृहस्थ चांगुणाला म्हणाले, की बाळ, झालं ते झालं, आता राग सोडून दे, साहेब वयाने मोठे आहेत.

चांगुणाला हे वाक्य येणार हे ठाऊकच होतं. मोठ्यांनी चुकायचं आणि लहानांनी विसरायचं, हे कोणी ठरवलं कोण जाणे.

"कार्यक्रमपत्रिकेत माफीपत्र छापलंय," ती म्हणाली. "ते व्हायचं राहिलंय."

सावित्रीबाईंनी पत्रिका उघडून बघितली. "बरोबर आहे. छापलंय ते झालंच पाहिजे," असं म्हणून त्यांनी एक कोरा कागद आणि आपलं पेन चिमाजीरावांपुढे सरकवलं. सगळा हॉल बघत असताना चिमाजीरावांनी चार ओळी लिहिल्या. मग ते उठले आणि मान खाली घालून, माइकपासून लांब उभं राहून, त्या भरभर वाचून टाकल्या.

चांगुणा आपल्या जागेवरून हलली नाही.

"मागे ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "परत वाचा."

चिमाजीराव माइकजवळ आले आणि त्यांनी पहिल्यापासून परत वाचलं.